तांबडा दिवा मधेच जातो

श्रीपाद दोन वर्षांतून एकदा सुट्टी काढून हैदराबादला येतो. यादगिरी इथेच आहे, मीही इथेच आहे. आम्ही तिघं भेटलो की चहा यायच्या आधी जुना एखादा अपमान वर येतो. एकाने एक काढला की दुसऱ्याला त्याहून मोठा आठवतो. बायका म्हणतात, इतकी वर्षं झाली, आता तरी सोडा. काय सोडा? लोकांनी आमच्या दिव्यांना जे म्हटलं ते त्यांच्या मुलांना कोणी म्हटलं असतं तर त्यांनी सोडलं असतं का?

ऐकणारे हसतात. मला त्यात हसण्यासारखं काय आहे ते अजून सापडलेलं नाही. तुम्हीच ठरवा.

नव्वदच्या दशकाची पहिली काही वर्षं. आमच्या बरकतपुऱ्यात गच्चीगच्चीवरून केबलच्या वायरी ओढल्या जात होत्या, कोठीच्या बाजारात रोज काहीतरी परदेशी येऊन पडत होतं, आणि आम्ही तिघं तीन वेगळ्या रस्त्यांनी एकाच ठिकाणी, म्हणजे घरी, येऊन बसलो होतो. मी बी.एस्सी., श्रीपाद डिप्लोमावाला, यादगिरी आय.टी.आय.चा वायरमन. यादगिरी तेलुगू, पण निम्मा आमच्या घरात वाढलेला. मराठी त्याला सगळं कळायचं, बोलायचा मात्र हैदराबादी.

आम्ही एक पेटी बनवली होती. प्लायवुडची, हार्मोनियमपेक्षा जरा मोठी, पुढे ट्रेसिंग पेपर आणि आत तीन रंगांचे बल्ब. पेटीला एक छोटा माइक. माइकने गाणं ऐकायचं, आतल्या सर्किटने त्याचे तीन भाग करायचे. जाड आवाज आला की तांबडा पेटायचा, मधला आला की हिरवा, बारीक आला की निळा. बाजारात जे लुकलुकणारे दिवे मिळत ते आपल्याच तंद्रीत लुकलुकत, शेजारी गाणं चालू असो की भांडण. आमचे दिवे ऐकत होते. हा फरक मी तेव्हापासून सांगतो आहे.

ही पेटी ज्या टेबलावर तयार झाली ते टेबल नानांचं. नाना म्हणजे माझे वडील, कोर्टात पेशकार, म्हणजे कारकून, होते. निवृत्त झाल्यावर गल्लीतल्या लोकांचे अर्ज, दरख्वास्ती ते या टेबलावर लिहून द्यायचे. आता टेबलावर आमचं सोल्डरिंग चालायचं आणि नाना मांडीवर पाट घेऊन लिहायचे.

पहिल्यांदा पेटी चालू केली तेव्हा नानांनी पाच मिनिटं शांतपणे पाहिलं. मग म्हणाले, "न्हाणीघरातली ट्यूब दोन वर्षं हेच करते आहे. तिला तर माइकही लागला नाही."

मी म्हटलं, "नाना, हे दिवे गाणं ऐकताहेत."

"कशावरून?"

"दिसतंय की."

"तुला दिसतंय. मला गवाह पाहिजे. घरचा नको, दोस्तांपैकी नको. तिसरा माणूस, आणि न विचारता आपणहून बोललेला. दिवे गाणं ऐकतात असं एकाने जरी म्हटलं तर टेबल तुझं. नाही तर अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी हे टेबल इथून हलणार, गच्चीवर जाणार, आणि तू बँकेच्या परीक्षेच्या क्लासला बसणार."

गणपतीला तेव्हा तीन महिने होते. एवढ्या मोठ्या शहरात एक माणूस मिळणार नाही? आम्ही खुशाल हो म्हटलं.

*

घरात वाजणारी वस्तू एकच, नानांचा रेडिओ. त्यावर संध्याकाळी शास्त्रीय गाणं लागायचं आणि नाना डोळे मिटून बसायचे. रेडिओला कोणी हात लावायचा नाही असा सक्त नियम होता, मग वायर जोडायचं तर नावच नको. म्हणून तर माइक आला. माइक रेडिओपासून हातभर लांब ठेवायचा आणि गाणं लागलं की पेटी जुळवायची. आमच्या दिव्यांचे कान तयार झाले ते असे, निव्वळ तबल्या-तंबोऱ्यावर. यात काही चुकतंय असं कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

डोक्यात आलं ते वेगळंच. तांबडा दिवा मधेच जायचा. छान चाललेलं असताना तीन-चार ठोके गप्प, मग परत हजर. श्रीपाद म्हणाला, जॉइंट लूज आहे. आम्ही सोल्डर काढलं, नवं घातलं. तांबडा परत गेला. होल्डर बदलला, तरी गेला. यादगिरीने आतलं सगळं वायरिंग उचकटून पुन्हा केलं. तरी गेला. पंधरा दिवस तीन शिकलेली माणसं एका दिव्याच्या मागे लागली होती.

सोळाव्या दिवशी मी वैतागून नुसता मोजत बसलो. लहानपणी मी दोन महिने तबला शिकलो होतो, गुरुजींनी हात जोडेपर्यंत. तीनतालाच्या मात्रा सोळा. त्यात मधे काही मात्रा अशा येतात की डग्गा गप्प बसतो आणि नुसता तबला बोलतो. त्या जागेला खाली म्हणतात. हातावर ताल धरणारे तिथे टाळी देत नाहीत, तळहात उलटा करून हवेत सोडून देतात. आमचा तांबडा दिवा जाड आवाजाचा, म्हणजे डग्ग्याचा. डग्गा गप्प, म्हणून तांबडा गप्प. बिघाड कुठेच नव्हता. आम्ही पंधरा दिवस तीनतालाची खाली दुरुस्त करत होतो!

मी धावत नानांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"खालीत डग्गा गप्प असतो हे मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "दिव्याला ठाऊक आहे, याला पुरावा काय? आणि तू फरियादी. तुझी गवाही चालत नाही."

*

माइकला गाणं आणि इतर आवाज यांतला भेद कळत नाही. याचा पहिला फायदा घेतला आईने.

आई संध्याकाळी ओसरीवर शेजारणींशी बोलत बसायची आणि बोलण्याच्या नादात कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जायच्या. पेटी हॉलमध्ये. शिट्टी झाली की निळा लख्ख पेटायचा आणि तो उजेड ओसरीवर पडायचा. आई बोलता बोलता बोट मुडपायची. तीन निळे झाले की उठून गॅस बंद.

"मी सांगते की," ती नानांना म्हणाली, "दिवे ऐकतात. महिनाभर वरण करपलेलं नाही."

"एक तर तू घरची," नाना म्हणाले, "आणि कुकर म्हणजे गाणं नव्हे."

आमची एवढी मेहनत वरणाच्या कामी आली. तेही गवाहीत धरलं गेलं नाही.

शेजारी गवाही द्यायला नाही, तक्रार करायला आले. माइकची चाचणी म्हणून यादगिरी पातेल्यावर पळी मारायचा, त्यामुळे वरचे, मागचे, डावीकडचे सगळे येऊन बोलून गेले. आल्या नाहीत त्या फक्त समोरच्या इंदूताई. मुलींच्या शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या बाई. दहा वर्षांपूर्वी त्यांचे कान गेले ते पुरतेच गेले. त्यांच्याशी बोलायचं तर पाटीवर लिहावं लागे. त्या मात्र तोंडाने बोलत, आणि स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे गल्लीच्या टोकापर्यंत पोचेल असं बोलत. आमच्या खिडकीसमोर त्यांची खिडकी, आणि संध्याकाळी त्या तिथे सूप घेऊन तांदूळ निवडत बसायच्या.

सगळ्यांची माफी मागून झाली तसा मी त्याच ओघात त्यांच्याकडेही गेलो आणि पाटीवर लिहिलं, 'आमच्या आवाजाचा त्रास होत असेल तर माफ करा.' आता हे कोणाला लिहितोय याचा विचार मी करायला हवा होता. त्यांनी पाटी वाचली, माझ्याकडे वरपासून पायापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमचं टेबल फार कोपऱ्यात आहे."

नानांनी आमच्या हॉलमधून विचारलं, "टेबलाचं काय म्हणतात?"

"काही नाही," मी म्हटलं. "त्यांना माझं लिहिलेलं कळलं नाही."

*

श्रावणात मागच्या गल्लीतल्या एका घरी बारसं होतं. पुण्याहून नुकतंच आलेलं जोडपं, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. मला वाटलं, शिकलेली माणसं आहेत, गाण्याची आवड आहे, इथे आपला गवाह नक्की. आम्ही आपणहून पेटी नेली आणि पाळण्याच्या बाजूला ठेवली.

बायका पाळणा म्हणायला लागल्या. हिरवा हलू लागला. तेवढ्यात बाळाने भोकाड पसरलं. बाळाचा आवाज बारीक, त्यामुळे निळा. बाळ श्वास घेई तेव्हा निळा बंद, बाळ ओरडे तेव्हा निळा लख्ख. इतकं चोख काम पेटीने त्याआधी कधी केलं नव्हतं. मी पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. आता कोणीतरी बोलणार.

बोलल्या पुण्याच्या आत्याबाई. "अगं बाई, पोर रडलं की ठिणगी उडते आहे. पाळण्यात करंट उतरलाय!"

एकच धावपळ झाली. बाळाला उचललं, तसं ते आणखी रडलं, तसा निळा आणखी पेटला. कोणीतरी यादगिरीच्या अंगावर ओरडलं आणि त्याने घाबरून मेन स्विच पाडला. बाळाचं नाव अंधारात ठेवलं गेलं.

मेणबत्ती लावल्यावर बाळाच्या वडिलांनी मला बाजूला घेतलं. रागावले नव्हते, हे त्याहून वाईट. शांतपणे म्हणाले, "तुमचं सर्किट चांगलं आहे. फक्त तो माइक काढून टाका. त्याच्याऐवजी रँडम काहीतरी द्या. लोकांना फरक कळत नाही."

माइक काढून टाका म्हणे! मग उरलं काय, न्हाणीघरातली ट्यूब?

*

त्याच महिन्यात श्रीपादला मुलाखतीचं बोलावणं आलं. नवी कंपनी, थंडगार ऑफिस, काचेचे दरवाजे. श्रीपादने आयुष्यात पहिल्यांदा टाय बांधला, तोही यादगिरीने वायरची गाठ मारतात तसा मारून दिला.

तिथल्या साहेबांनी विचारलं, "एखादं प्रोजेक्ट केलंय?"

श्रीपाद खुलला. पेटीचं सगळं सांगितलं. माइक, तीन भाग, तीन दिवे. खाली आली की तांबडा कसा जातो तेही सांगितलं.

साहेब म्हणाले, "प्रोग्राम कशात लिहिलाय?"

"प्रोग्राम नाही सर."

"मग कोणता दिवा कधी लागणार हे कोण ठरवतं?"

"गाणं ठरवतं सर."

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. "म्हणजे प्रोजेक्ट गाण्याचं आहे. तुमचं काय आहे?"

श्रीपाद घरी आला तो टाय न सोडताच टेबलाशी बसला. मी त्याला म्हटलं, जाऊ दे. पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्या कंपनीत गेला आणि सांगितलं की दिवे प्रोग्रामवर चालतात, प्रोग्राम मी लिहिलाय, तो काय लिहिलाय ते गुपित आहे. लगेच घेतला त्याला. दसऱ्यानंतर रुजू व्हायचं होतं, गाव सोडून.

मला त्याचा राग आला नाही. पण ज्याच्यामुळे त्याला खोटं बोलावं लागलं त्या साहेबाचा चेहरा मी पाहिलेला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

*

गणपती आले. यादगिरीने गौलीगुड्यातल्या एका मंडळात शब्द टाकला. तिथले प्रमुख म्हणजे एक पहिलवान, मोठं प्रस्थ. मांडव भव्य, स्पीकर माणसाच्या उंचीचे. आम्ही पेटी मूर्तीच्या समोर ठेवली. पहिलवानांनी नारळ फोडला आणि कॅसेट लावली.

आणि आमची चूक उघडी पडली. पेटी जुळवलेली होती नानांच्या रेडिओवर, तोही आवाज पाव भागावर. इथे स्पीकरच्या एका धक्क्यात तिन्ही दिवे पेटले ते पेटूनच राहिले. तांबडा, हिरवा, निळा, तिघंही डोळे फाडून उभे. मी पेटीचं आवाज पकडायचं बटण फिरवून कमी केलं तर तिन्ही विझले. पुन्हा वाढवलं तर तिन्ही पेटले. मधलं काही नव्हतंच. गाण्यातही मधलं काही नव्हतं, पण ते पहिलवानांना कोण सांगणार?

पहिलवान बराच वेळ बघत राहिले. मग यादगिरीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे यादगिरी, ये तो खाली जलरे. नाच कां रे?" म्हणजे नुसतेच जळताहेत, नाच कुठे आहे?

यादगिरी म्हणाला, "अन्ना, थोडा धीमा गाना लगाव ना."

"गणपती में धीमा गाना?" पहिलवानांनी त्याच्याकडे असं पाहिलं की आम्ही पेटी उचलली.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिथूनच जात होतो. मांडवात नवी परदेशी माळ लागली होती. लुकलुक, लुकलुक. लोक टाळ्या वाजवत होते. पहिलवानांनी आम्हाला लांबून हाक मारली. "देखो, येच होना था मेरेकू. गाना कैसा सुनरी देखो!"

त्या वेळी गाणं चालू नव्हतं. लाउडस्पीकरवर कोणाची तरी चप्पल हरवल्याचं सांगत होते. माळ त्याच्यावर नाचत होती आणि लोक माळेला टाळ्या देत होते. मी तिथे काय बोललो ते यादगिरी अजून बायकोसमोर सांगू देत नाही.

*

मी तडक कोठीला गेलो, इक्बालभाईंच्या दुकानात. आमच्या पेटीतला प्रत्येक पार्ट या माणसाने दिलेला. कुठला पार्ट जळेल, कुठला टिकेल, सगळं त्यांनी शिकवलेलं. आणि त्यांच्याच काउंटरवर तीच माळ ढिगाने पडलेली.

"इक्बालभाई, तुम्हीसुद्धा?"

"क्या हुआ मियाँ?"

मी म्हटलं, ही माळ खोटी आहे. खोक्यावर लिहिलंय गाण्यावर नाचते म्हणून, पण हिला कान नाहीत. ते म्हणाले, ठीक, देख लेते. त्यांनी टेपवर गाणं लावलं, माळ लावली. माळ लुकलुकली. बघणाऱ्या दोन गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या.

"आता टेप बंद करा," मी म्हटलं.

त्यांनी टेप बंद केला. दुकानात शांतता. माळ चालूच. मी गिऱ्हाइकांकडे वळून म्हटलं, बघा, गाणं बंद आहे आणि ही नाचतेच आहे. इतका स्पष्ट पुरावा नानांच्या कोर्टातसुद्धा कोणी दिला नसेल.

दोन्ही गिऱ्हाइकं एक-एक माळ घेऊन गेली.

इक्बालभाईंनी माझ्यासाठी चहा मागवला. "गुस्सा नक्को करो," ते म्हणाले. "तुमारी बात सौ टक्के सच है. मगर गाना बंद करके लाइट कौन देखता मियाँ?"

घरी आलो तर नाना पाटावर दरख्वास्त लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "गवाह?"

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागले.

*

सातव्या दिवशी आमच्या भागातल्या मराठी मंडळींच्या गणपतीत गाणं होतं. शाळेच्या हॉलमध्ये, गावातलेच गायक, साथीला तबला आणि हार्मोनियम. सेक्रेटरी वसंतराव हे नानांचे जुने स्नेही, त्यामुळे पेटी ठेवायची परवानगी मिळाली. "स्टेजच्या पुढे कडेला ठेवा, आणि काही झालं तर मी प्लग काढणार," एवढं त्यांनी आधीच सांगून ठेवलं. यादगिरीने माइक डग्ग्याजवळ ठेवला. तबलजींनी त्याच्याकडे झुरळाकडे बघतात तसं बघितलं.

इंदूताई दरवर्षी यायच्या. ऐकायला नाही, माणसं भेटतात आणि आरती असते म्हणून. पहिल्या रांगेत हार्मोनियमच्या बाजूला अगदी कडेची खुर्ची त्यांची. पेटी नेमकी त्यांच्या पुढ्यात आली. नाना तिसऱ्या रांगेत. आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे.

गाणं सुरू झालं. मध्य लयीतला तीनताल. आणि काय सांगू, पेटी जिवंत झाली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. डग्ग्याबरोबर तांबडा, सुरांबरोबर हिरवा, तबल्याच्या चाटीबरोबर निळा. प्रत्येक आवर्तनात जागेवर येऊन तांबडा गप्प बसायचा आणि जागेवर परत यायचा. मला रडू येईल असं वाटलं. मी लोकांकडे पाहिलं. लोक पंख्याखालची जागा शोधत होते.

पंधरा मिनिटांनी वसंतरावांचं लक्ष गेलं. ते वाकून वाकून पेटीपाशी आले आणि आमच्याकडे बघत हाताने खूण करू लागले. तांबडा गेला, तांबडा गेला. मी मान हलवून नको नको म्हणतोय, श्रीपाद हात जोडतोय, पण वसंतराव प्लगकडे वळले. बारसं, गौलीगुडा, सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी भिंत सोडून पुढे निघालो.

तेवढ्यात इंदूताईंनी वसंतरावांच्या हातावर फाडकन चापट मारली.

"हात काढ," त्या म्हणाल्या. त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे सगळ्या हॉलला ऐकू गेलं. गायकसुद्धा क्षणभर चपापले, पण गात राहिले.

वसंतराव ओशाळून म्हणाले, "इंदूताई, तुम्हाला ऐकू येत नाही, तो दिवा बिघडलाय." हे त्यांनी कान गेलेल्या बाईंना तोंडाने सांगितलं.

इंदूताईंचं लक्ष पेटीवरून हललेलं नव्हतं. उजवा हात गुडघ्यावर होता. टाळी, टाळी, मग तळहात उलटा. तळहात उलटा झाला आणि तांबडा गेला.

"खाली आहे," त्या म्हणाल्या. "आत्ता येईल."

आला.

तबलजींनी वाजवता वाजवता पहिल्यांदा मान वळवून पेटीकडे पाहिलं. श्रीपादने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते. मी नानांकडे बघितलं, तर नाना खुर्चीवर नव्हते. ते उठून पुढे आले होते. इंदूताईंच्या खुर्चीमागे जाऊन ते कमरेत वाकले, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला आपले डोळे आणले आणि तिथून स्टेजकडे पाहिलं. नंतर मीही त्या जागी वाकून पाहून आलो. तिथून हार्मोनियमवाल्यांची पाठ दिसते आणि झेंडूच्या माळा दिसतात. तबला दिसत नाही. तबलजींचे हातही दिसत नाहीत. समोर फक्त पेटी.

नाना किती तरी वेळ तसेच वाकून उभे राहिले. तळहात पुन्हा उलटा झाला, तांबडा गेला, आला. मग ते जागेवर जाऊन बसले. घरी येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी विचारलं नाही, कारण न विचारता हीच अट होती.

अनंत चतुर्दशी झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नानांनी धोतराचा सोगा खोचला आणि आम्हाला तिघांना हाक मारली.

"टेबल हलवायचं ठरलंय ना? धरा."

मी श्रीपादकडे पाहिलं. श्रीपादने मान खाली घातली. यादगिरी म्हणाला, "नाना, ऐसा नक्को करो जी." नाना म्हणाले, "धर." आम्ही तीन कोपरे धरले, चौथा नानांनी धरला. मी ठरल्याप्रमाणे गच्चीच्या जिन्याच्या दिशेने ओढायला लागलो, पण टेबल तिकडे येईना. नाना दुसरीकडे ओढत होते.

टेबल कोपऱ्यातून निघून खिडकीपाशी आलं. नानांनी पेटी स्वतः उचलली आणि तिचं तोंड बाहेर, गल्लीकडे केलं. मग रेडिओ आणून तिच्या शेजारी ठेवला. माइक उचलला, इकडेतिकडे करून बघितला आणि रेडिओपासून हातभर अंतरावर ठेवला. खिडकीची दोन्ही दारं उघडून त्यांनी आकडे लावले आणि रेडिओचं बटण फिरवलं.

समोरच्या खिडकीत इंदूताईंनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं.